मावशीची वही

इंदूरच्या श्रोत्यांना नमस्कार. आज लाचेविषयी बोलायचंय, पण सुरुवात मावशीपासून करते, कारण ही गोष्ट सांगायची मला कधीची हौस आहे.

मावशी रामबागेत राहायची. काका गेले आणि घर तिच्या नावावर करायची वेळ आली. नामांतरण. कागद सगळे पूर्ण, तरी एका कार्यालयात तिच्या पाच खेपा झाल्या. कुठलं कार्यालय ते राहू द्या. सहाव्या खेपेला बाबू हळूच म्हणाला, "माताजी, कुछ खर्चा-पानी भी समझिए."

मावशीनं पिशवीतून हिशेबाची वही काढली. दूध, पेपर, औषधं, रोजचं रोज लिहायची ती. (हल्ली फोनमध्ये हिशेब ठेवतात. फोन पाण्यात पडला की अख्खा महिना बुडतो. माझं आपलं मत.) वही टेबलावर उघडली, पेन काढलं आणि विचारलं, "भैया, ये कौन-से खाते में लिखूँ? दूध में कि दवाई में?" शेजारची टेबलं हसली. बाबू हसला नाही.

आणि फाइलही हलली नाही! पुढच्या खेपेला साहेब रजेवर, त्याच्या पुढच्या खेपेला शिक्का सापडेना. मग भाच्यानं तिला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून दिला. शुल्क १० रुपये. विचारलं एवढंच, की माझा कागद कोणाच्या टेबलावर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत होता? २००५ च्या कायद्यानं उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. बाविसाव्या दिवशी टपाल आलं. त्यात उत्तर नव्हतं, नामांतरणाचा आदेश होता.

आता घड्याळ माझ्याकडे बघतंय, तेव्हा कामाचं भरभर सांगते. आपल्या मध्य प्रदेशात २०१० पासून लोकसेवा गारंटीचा कायदा आहे, असा कायदा करणारं देशातलं हे पहिलं राज्य. ठरलेल्या सेवेला ठरलेली मुदत असते. विनाकारण उशीर केला तर त्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, जास्तीत जास्त ५,००० पर्यंत. म्हणून अर्ज दिला की पावती घ्या. पुन्हा सांगते, पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि ते खिडकीला सुतळीनं बांधलेलं पेन कधी चालत नाही, आपलं घेऊन जा.

कोणी सरळ पैसेच मागितले तर लोकायुक्तांच्या पोलिसांकडे जा, पैसे द्यायच्या आधी. ते नोटांना एक पावडर लावतात. ती नुसती दिसत नाही, पण घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. आधी कळवून दिलेत तर तुमच्यावर गुन्हा नाही. एरवी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करा. सात दिवस, लक्षात ठेवा.

मावशीची ती वही आता माझ्या कपाटात आहे. त्या अर्जाचे १० रुपये तिनं बरोबर लिहून ठेवलेत. खातं: घरदुरुस्ती.

नमस्कार.