माथेरानचं बार हाउस

श्रोतेहो, नमस्कार. माथेरानला शार्लट तलावाच्या बाजूला निघालात, की गर्द झाडीत एक जुना बंगला लागतो. बार हाउस. कॅप्टन बार नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात तो बांधला. पुढे निमराणा कंपनीने तिथे ‘व्हरांडा इन द फॉरेस्ट’ नावाचं हॉटेल सुरू केलं.

जुन्या घराचं हॉटेल झालं की आपण हळहळतो. इथे मात्र मला तसं वाटत नाही, कारण माथेरानचे असले बंगले मुळात हवापालटासाठीच बांधलेले. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे 1850 मध्ये चौकहून हा डोंगर चढले आणि पुढच्या वर्षी त्यांनी वर घर बांधलं. (डोंगर त्यांनी ‘शोधला’ असं म्हणतात. धनगर, ठाकर, कातकरी तिथे आधीपासून होतेच म्हणा!) मग मुंबईच्या साहेबांची आणि धनिकांची रीघ लागली. उन्हाळ्यात यायचं, पावसाळ्याआधी खाली उतरायचं. एकदा पाऊस लागला, की मागे उरायचे ते राखणदार.

बंगल्याचा जीव आहे व्हरांड्यात. उंच छताचा, ऐसपैस. आतल्या खोल्या तशा अंधाऱ्याच, त्यामुळे माणसं दिवसभर बाहेरच. समोर जांभूळ, अंजनीची झाडं, खाली जांभ्याची लाल माती. आणि चहा-बिस्किटं उघड्यावर ठेवलीत, तर माकडं ती तुमच्यासाठी शिल्लक ठेवत नाहीत.

या घराला गाडीवाट कधी लाभलीच नाही. नेरळची छोटी रेल्वे 1907 मध्ये आली, तीही गावापर्यंतच. माथेरानात खासगी मोटारींना आजही बंदी आहे. म्हणजे कौलं असोत, गाद्या असोत की पाहुण्यांच्या बॅगा, शेवटचा टप्पा हमालाच्या डोक्यावर, घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर. जुन्याच्या जागी सिमेंटचा मजला चढवायचा मोह इथे आपोआप महाग पडतो. वारसा जपायच्या भाषणांपेक्षा या खर्चाने माथेरानचे बंगले जास्त राखले, असं माझं मत.

जायचा बेत असेल तर एक लक्षात ठेवा. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते. दस्तुरीपर्यंत, म्हणजे मोटारी जिथे थांबतात त्या नाक्यापर्यंत, टॅक्सीने यायचं, जवळच अमन लॉज स्टेशन आहे, तिथून गावात शटल रेल्वे मिळते. पुढे पायी. चपला मात्र घसरणाऱ्या नकोत.