गावच्या बारवेसाठी सरकारी पैसा

नमस्कार श्रोतेहो.

11 जुलै 2025 ला पॅरिसहून बातमी आली आणि गडकोटांवर जीव लावणाऱ्या प्रत्येकाचा ऊर भरून आला. साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत, बाकीचे आठ केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. या बारांकडे आता साऱ्या जगाचं लक्ष आहे. मला आज बोलायचंय ते ज्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही त्यांच्याबद्दल. वेशीजवळची पडकी गढी, पारावर शेंदूर फासून ठेवलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, बाभळींनी झाकलेली बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर.

यांच्यासाठी सरकारकडे पैसा नसतो, असं आपण धरूनच चालतो. तसं नाही. जिल्हा वार्षिक योजनेतला 3 टक्क्यांपर्यंत निधी गडकिल्ले, मंदिरं आणि महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांच्या जतनासाठी ठेवायची तरतूद राज्याने केली आहे. खरा आधार मिळतो तो मात्र वास्तूचं नाव राज्याच्या 1960 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली संरक्षित यादीत गेल्यावर. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, लोकांच्या हरकती मागवतात, मग अंतिम. महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावं आणि राज्याच्या यादीत स्मारकं काही शेकडाच! मागणीच झाली नाही तर यादी वाढणार कशी?

आणि पैसा आला की सगळं झालं, असंही नाही. माझी खरी काळजी इथेच आहे.

जुन्या बांधकामाला चुना लागतो. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, कित्येक दिवस भिजत ठेवायचा, मग वाळू नाहीतर सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून घाण्यात मळायचा. कारागीर त्यात गुळाचं, हिरड्याचं, बेलफळाचं पाणी घालतात. सांध्यात भरल्यावरही तो लगेच धरत नाही. हवेशी हळूहळू मिळत घट्ट होतो, तोवर त्यावर ओलं गोणपाट ठेवावं लागतं. आता या कामाला मुदत काय मिळते? निधी मंजूर होऊन निविदा निघेपर्यंत डिसेंबर उजाडतो आणि 31 मार्चला हिशेब बंद. सर्वांत कमी दराने काम घेतलेला ठेकेदार रस्ते-गटारं बांधणारा असतो. तो बिचारा सिमेंटच आणणार.

बारवेत सिमेंट म्हणजे काय, हे पायऱ्या उतरून जवळून बघा. पुष्कळ बारवांमध्ये घडीव दगड नुसते एकमेकांवर बसवलेले असतात. त्या फटींतूनच झऱ्यांचं पाणी आत झिरपतं. फटी सिमेंटने लिंपल्या की झऱ्यांची तोंडं बुजतात, ओल भिंतीमागे कोंडते आणि काही पावसाळ्यांत दगड फुगून बाहेर येतो. वरून पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, रंगीत दिवे. उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतं, पण पाणी गेलेलं असतं. साताऱ्याजवळ लिंब इथली बारामोटेची विहीर 1719 ते 1724 या काळात, छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत, विरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली. पाच वर्षं! आपण तीन महिन्यांत दुरुस्ती उरकू म्हणतो.

खासगी संस्थांनी स्मारकाचं पालकत्व घ्यावं अशी ‘महाराष्ट्र वैभव’ नावाची योजनाही आहे. नळदुर्गचा किल्ला 2014 मध्ये तिच्यातूनच एका कंपनीकडे देखभालीला गेला. चांगली गोष्ट आहे. पण जिथे पर्यटक येतात, तिकीट लागतं, तिथेच अशी कंपनी येते. शेतातल्या बारवेला पालक म्हणून शासनच हवं, नाहीतर गाव.

म्हणून श्रोतेहो, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबर, जी ग्रामसभा पुढे येईल तिच्यात ठराव मांडा. जागेचा सातबारा, चारही बाजूंचे फोटो, टेपने घेतलेली मापं, शिलालेख असेल तर त्याचा स्वच्छ फोटो, एवढं जोडा. शिलालेखावर खडू किंवा रंग फिरवू नका, सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं आपोआप उठून दिसतात. ठरावाची एक प्रत पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालकांकडे पाठवा, दुसरी जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हा नियोजन समितीसाठी. आणि काम मंजूर झालं की अंदाजपत्रक गावात वाचून दाखवायला लावा. त्यात चुना आहे का, चुन्यात काम केलेला गवंडी आहे का, दरवर्षी पिंपळाची रोपं काढायला आणि गाळ उपसायला काही ठेवलंय का, हे विचारा. नसेल तर बारवेला हात लागण्याआधीच लेखी हरकत द्या.

नमस्कार.