काकांचा चेंडू परत येतोच

(बंद दार. आतून चेंडूचा आवाज.)

कोल्हापूर. डिसेंबरातली सकाळ, साडेसहा वाजलेत. रंकाळ्यावर फिरायला आलेली माणसं स्वेटर घालून आहेत. या स्क्वॉश कोर्टात मात्र दोघांचे टी-शर्ट घामानं चिंब झालेत.

एक बावीस वर्षांची मुलगी, हाताला जबरदस्त जोर असलेली. समोर पन्नाशी ओलांडलेले काका. त्यांच्याकडं डोळे दिपवणारा एकही फटका नाही. पण चेंडू कोपऱ्यात मारा, पुढं टाका, डोक्यावरून उडवा, तो परत येतोच. पहिला गेम काकांनी ११-५ असा घेतला, आणि त्यातले आठ गुण मुलीनंच टिनवर चेंडू मारून त्यांना दिले.

टिन म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेली पट्टी, ४८ सेंटिमीटर उंच. चेंडू तिला लागला की रॅली संपली. पूर्वीच्या नऊ गुणांच्या गेममध्ये सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळायचा. स्वतःच्या सर्व्हिसवर चूक झाली तर नुसती सर्व्हिस जायची. आता गेम अकराचा, आणि प्रत्येक रॅलीला गुण. म्हणून चिवट खेळाडूचं फावतं. तुमचा धीर सुटेपर्यंत तो थांबतो.

"काका, मी दमलो," पाण्याची बाटली उघडत ती म्हणते.

"दमणारच की. माझं काम तूच करायलीस. जरा जोर कमी कर."

काका खरं तेच सांगतायत. जोरात मारलेला उंच चेंडू मागच्या भिंतीवर आपटून कोर्टाच्या मध्याकडं येतो, आणि बचाव करणाऱ्याला हवा असलेला वेळ आयता मिळतो. अशा खेळाडूचं सगळं बळ या वेळेत असतं. तो काढून घ्यायचा कसा, हे दुसऱ्या गेममध्ये दिसतं.

(मुलगी 'टी'वर, म्हणजे कोर्टाच्या मध्यावरच्या खुणेवर, रॅकेट वर धरलेली.)

काकांचा लॉब येतो, डोक्यावरून उडवलेला उंच चेंडू. मघाशी ती असा चेंडू मागच्या कोपऱ्यात पडू देत होती, तोवर काका सावकाश मध्यावर येऊन उभे राहत. आता ती 'टी' सोडत नाही. एक पाऊल बाजूला, आणि चेंडू हवेतच व्हॉली. काका अजून परतीच्या वाटेवर आहेत. माझ्या मते चिवट खेळाडूविरुद्ध याहून मोलाचा फटका नाही. या व्हॉलीनं गुण मिळायची गरजच नसते. समोरच्याचा एक श्वास हुकला तरी पुरे.

ड्रॉपचंही, म्हणजे पुढच्या भिंतीलगत हळूच टाकलेल्या चेंडूचंही, तसंच. कोर्टाची लांबी ९.७५ मीटर. मागच्या कोपऱ्यातून टाकलेला ड्रॉप पुढं पोचेपर्यंत काका तिथं हजर असतात. म्हणून आधी बाजूच्या भिंतीला चिकटून ड्राइव्ह, म्हणजे पार मागपर्यंत जाणारा सरळ फटका, दुसरा, तिसरा, हवे तर दहा. काका मागं अडकले आणि आपण पुढं असलो, की मगच ड्रॉप. मध्येच ती रॅकेट उचलून क्षणभर थबकते. काकांचं वजन एका पायावर जातं, आणि चेंडू दुसरीकडं निघून जातो.

खासबागेत कुस्ती बघितलेल्यांना हे नवं वाटणार नाही. सुरुवातीची खडाखडी लांबली म्हणून जाणता पैलवान उगाच पटात, समोरच्याच्या पायांकडं, शिरत नाही.

१९८३ मध्ये इंग्लंडमधल्या चिचेस्टरला पाकिस्तानचा जहांगीर खान आणि इजिप्तचा गमाल अवाद यांचा स्क्वॉशचा सामना २ तास ४६ मिनिटं चालला. पहिला गेमच १ तास ११ मिनिटांचा. तो गेम हरूनही जहांगीरनं घाई केली नाही, पुढचे तिन्ही गेम जिंकले.

ऋतूचाही हिशोब ठेवावा लागतो. आज थंडीत चेंडू कमी उसळतो, ड्रॉप जागच्या जागी बसतो. मे महिन्यात हाच चेंडू तापून उड्या मारेल आणि काका सगळं उचलतील. तेव्हा ड्रॉप कमी, व्हॉली जास्त.

(फलक: १०-१०.)

आता दोन गुणांची आघाडी लागणार. लांबच लांब रॅली. भिंतीलगत ड्राइव्ह, पुन्हा ड्राइव्ह. काकांचा लॉब थोडा आखूड पडतो. व्हॉली मागच्या कोपऱ्यात. काका चेंडू बाजूच्या भिंतीवर आपटून कसाबसा बोस्ट काढतात. ती आधीच पुढं पोचलीय, रॅकेट वर. थांबते.

काका मागंच आहेत.

ड्रॉप.

"आता कसं," धापा टाकत काका म्हणतात, आणि सर्व्हिससाठी चेंडू तिच्याकडं टाकतात. ११-१०.