प्लॅन वाढवण्याआधी वायर बघा

(भट्टीतून साच्यात लोखंड ओतताना)

ही शिरोली एमआयडीसी. पुणे-बेंगळुरू हायवेवरनं कोल्हापुरात शिरायच्या आधी लागते ती. उद्यमनगरात ऑइल इंजिनं आणि पंप बनवणाऱ्या गावानं पुढं इथं आणि गोकुळ शिरगावात फाउंड्र्या उभ्या केल्या, आज इथलं कास्टिंग गाड्यांच्या इंजिनात बसतंय. पण आपल्याला भट्टीकडं नाही, त्या शेजारच्या लोखंडी जिन्यानं वर ऑफिसात जायचंय.

(ऑफिस, स्क्रीनवर फिरणारं चक्र)

ड्रॉइंग उघडतंय. अजून उघडतंय. "नेट स्लो आहे" हे वाक्य इथं रोजचं होतं, मग व्हायचं काय, तर कुणीतरी फोन करायचं आणि इंटरनेटचा प्लॅन वाढवून घ्यायचं. फरक शून्य. कारण ही फाइल इंटरनेटवरनं येतच नाही ना, ती येते खालच्या खोलीतल्या सर्व्हरवरनं, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा पण तिथंच, म्हणजे सगळा प्रवास ऑफिसातल्या ऑफिसात आणि त्याचा तुमच्या प्लॅनशी काडीचा संबंध नाही.

आता स्क्रीनचा हा कोपरा बघा. लिंक स्पीड 100 एमबीपीएस. कॉम्प्युटर 1000 चा, स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथं येऊन जुळतात ती पेटी, ती पण 1000 ची, आणि मधे चाललंय 100 नं. 500 एमबीची असेंब्ली फाइल 1000 वर हिशोबानं 4 सेकंदात यायला पाहिजे, 100 वर तिला 40 सेकंद लागतात (फाइल मोजतात बाइटमधे, स्पीड बिटमधे, आणि आठ बिटचा एक बाइट). केबलमधे एकमेकींना पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात, 100 ला दोनच पुरतात, 1000 ला चारही लागतात. 100 ला न लागणाऱ्या दोन जोड्यांतली एखादी तुटली की नेट बहुतेकदा बंद नाही पडत, गुपचूप 100 वर येतं, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

(फॉल्स सीलिंगची फळी निघते)

हे वरचं बघून घ्या नीट. ट्यूबलाइटच्या वायरीला चिकटून गेलेली नेटवर्क केबल, मधेच पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड. वायरिंगचं काम करणारे मामा ब्लेडनं एक तार खरवडतायत, वरनं तांबं आणि आतनं पांढरं, म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. अशी केबल स्वस्त मिळते म्हणून टाकली जाते, वाकवली की तुटते. लाखांची मशीनं घेणारी माणसं वायरीच्या कामात पैसे वाचवतात, हे मला खरंच पटत नाही.

(क्रिंपिंग, जवळून)

मामांचे हात बघा आता. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मनानं ठरवायचा नसतो. इथं आधीच्या माणसानं दोन्ही टोकांना सारखाच पण स्वतःच्या मनाचा क्रम लावलेला, टेस्टरचे आठही दिवे लागायचे, सगळं ओके वाटायचं. पण 3 आणि 6 नंबरच्या पिनला एकाच जोडीच्या तारा लागतात, त्या वेगवेगळ्या जोड्यांतनं आल्या की पीळ असूनही उपयोग नाही. पीळ कशासाठी असतो, तर बाहेरचा विजेचा त्रास जोडीतल्या दोन्ही तारांना सारखा बसावा आणि दुसऱ्या टोकाला वजा होऊन जावा. म्हणून मामा जोडी उलगडतात ती अर्ध्या इंचाच्या आत. "जास्त सोडलं की झालं, तिथनंच घाण शिरती," म्हणतात. मग ट्रिमिंग, मग कनेक्टर, मग तो कट्ट आवाज. तो आवाज ऐकाच.

टेबलांखाली एकातनं दुसरा, दुसऱ्यातनं तिसरा असे अडकवलेले छोटे स्विच होते, शेवटच्या टेबलावरच्या सगळ्यांचा डेटा एकाच वायरीतनं रांगेनं यायचा. ते काढले, आता प्रत्येक टेबलापासनं सरळ मुख्य स्विचच्या रॅकपर्यंत एक केबल, कॅट-6 दर्जाची, अस्सल तांब्याची, दोन्ही टोकांना नंबर.

(स्क्रीनवर 1000)

ड्रॉइंग उघडलं. गेटवर भरलेली गाडी बिलासाठी थांबायची ती आता थांबत नाही, आणि वाढवलेला प्लॅन परत जुन्यावर आणलाय.

(आवार, चर खणताना)

राहिलंय ते स्टोअर. तांब्याच्या केबलची हद्द 100 मीटर, आणि केबलच्या अंगावर मीटरचे आकडे छापलेले असतात, दोन टोकांचे वाचून वजाबाकी केली तर स्टोअर त्याच्या बाहेर जातंय. शिवाय वळवात वीज पडली की तांब्यातनं दोन्हीकडचे स्विच जळायची भीती. म्हणून इथं फायबर केबल, ती काचेची, तिला विजेचं काही नाही, भट्टीच्या पॅनेलचा पण त्रास नाही. चार कोअरची, म्हणजे आत चार काचेच्या तारा असलेली घेतलीय, लागणार दोनच, पण उद्या एखादी तुटली तर परत चर खणायला नको.