गिअरबॉक्सचे तेल वेगळे, ॲक्सलचे वेगळे

(दृश्य: गाडीखालून. ट्रान्सफर केसच्या तळाला वाळलेला चिखल, त्यातून खाली आलेली तेलाची ओली रेघ.)

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत गिअर ऑइल एका जागी नसते. ते चार जागी असते: गिअरबॉक्स, त्याला जोडलेली ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी), आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलमधले एकेक डिफरन्शियल (ती ताकद डाव्या-उजव्या चाकाला वाटणारी गिअरची जोडणी). इंजिन ऑइल सगळ्यांच्या लक्षात राहते, कारण त्याला डिपस्टिक आहे, डॅशबोर्डवर दिवा आहे. या चौघांना बहुतेक जुन्या गाड्यांत त्यातले काहीच नसते. तेल उतरले तरी गाडी चालत राहते, आणि आवाज यायला लागतो तोवर दात खाल्ले गेलेले असतात.

(दृश्य: टेबलावर उघडलेला गिअरबॉक्स. पितळी रिंग बोटांत धरून, अगदी जवळून.)

ही सिंक्रोनायझर रिंग. दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकताना ही रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते, घासते, आणि त्या घासण्यानेच दोन्हींचा वेग जुळतो. म्हणजे इथे घर्षण हवेच. आतल्या बाजूच्या या बारीक रेषा पाहा. त्या तेलाचा थर कापतात, म्हणून रिंग पकड घेते. शेजारच्या रिंगवर त्या जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत. अशा रिंगचा गिअर कुरकुरल्याशिवाय पडत नाही.

(दृश्य: डिफरन्शियलचे क्राउन आणि पिनियन. हाताने हळू फिरवताना.)

आता हे पाहा. पिनियन, म्हणजे छोटा गिअर, क्राउनच्या, म्हणजे मोठ्या दातेरी चक्राच्या, मध्यावर बसलेला नाही, खाली सरकवून बसवला आहे. या रचनेला हायपॉइड म्हणतात. इथे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसटतात. चढावर, लो रेंजमध्ये (ट्रान्सफर केसच्या हळू पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये), या दातांवर एवढा दाब येतो की तेलाचा थर तुटतो. म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे घालतात. दात तापले की ती पोलादाशी संयोग पावून पृष्ठभागावर संरक्षक थर धरतात. डबा उघडताच येणारा उग्र वास त्याच गंधकाचा.

पोलादाला वाचवणारे हे गंधक तापलेल्या पितळेलाही सोडत नाही.

(दृश्य: दोन डबे शेजारी. एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५.)

जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या श्रेणी आहेत. बहुतेक हायपॉइड डिफरन्शियलना जीएल-५ लागते, आणि त्यात ही दाब सोसणारी संयुगे जीएल-४ पेक्षा जास्त असतात. पण आकडा मोठा म्हणून तेल वरचढ, हा समज अनेक गिअरबॉक्स बिघडवतो. पितळी रिंग असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला गाडीचे मॅन्युअल (माहितीपुस्तिका) जीएल-४ सांगत असेल, तर जीएल-४ च. डब्यावर दोन्ही आकडे एकत्र छापलेले असतील तर तेवढ्यावर विसंबू नका. हे तेल सिंक्रोनायझर असलेल्या गिअरबॉक्ससाठी आहे, असे कंपनीने स्पष्ट लिहिले आहे का, ते वाचा.

(दृश्य: तांब्याच्या दोन पट्ट्या. एक चकचकीत, एक काळवंडलेली.)

पितळेत तांबे असते, म्हणून तेलाच्या तांत्रिक माहितीपत्रकात तांब्याच्या पट्टीच्या चाचणीचा निकाल असतो. चाचणीचे नाव एएसटीएम डी१३०. गिअर ऑइलसाठी घासून लख्ख केलेली पट्टी सहसा १२१ अंश सेल्सिअसच्या तेलात तीन तास बुडवतात आणि रंग पाहून १ ते ४ अशी श्रेणी देतात. गिअरबॉक्ससाठी १ असलेले तेल शोधा. हा आकडा डब्यावर नसतो, मागावा लागतो. जरूर मागा.

जाडीबद्दल थोडे. ८०डब्ल्यू-९० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा गरम तेलाचा. गिअर ऑइलचे ९० हे इंजिन ऑइलच्या साधारण ४० ते ५० इतकेच जाड असते, मोजपट्टी वेगळी आहे. काही जुन्या गिअरबॉक्सना तर गिअर ऑइल चालतच नाही. लँड रोव्हरचा एलटी७७ गिअरबॉक्स एटीएफवर चालतो, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीच्या लाल रंगाच्या पातळ द्रवावर. मॅन्युअल उघडल्याशिवाय डबा उघडायचा नाही. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळे फिरू न देणारे) असेल तर त्याला चालणारे, फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण बदलणारे रसायन) असलेले तेल घ्या.

(दृश्य: गाडी चार स्टँडवर, सपाट. पाना वरच्या प्लगवर.)

गाडी थोडी फिरवून आणली आहे, तेल कोमट आहे. आणि मेकॅनिकचा पाना कुठे लागला आहे ते पाहा. वरच्या, तेल भरायच्या प्लगवर. खालचा अजून बंद आहे. तेल काढून टाकले आणि वरचा गंजलेला प्लग निघालाच नाही, तर गाडी जागची हलवता येत नाही. वरचा सुटला, मगच खालचा.

प्लगभोवतीचा चिखल आधी तारेच्या ब्रशने काढला आहे. एक कणही आत जाता कामा नये.

(दृश्य: तेलाची धार. मग प्लगचे चुंबक.)

चुंबकावरची ही करडी, मऊ पेस्ट नेहमीचीच आहे. बोटांत चोळल्यावर टोचत नाही. टोचणारा कण, दाताचा तुकडा, पत्रीसारखा कपचा मिळाला, तर तेल बदलून भागणार नाही, आतले उघडावे लागेल. पितळ चुंबकाला चिकटत नाही. ते पाहायचे तर तेल पसरट भांड्यात उजेडात धरा, सोनेरी चकाकी तरंगताना दिसते.

(दृश्य: मागच्या ॲक्सलचे तेल. दुधाळ, फिकट.)

हे चहासारखे दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेले. तापलेले ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरते, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर करणारे छोटे तोंड) चिखलाने बंद असेल तर ती ओढ ऑइल सीलमधून पाणी आत घेते. म्हणून ब्रीदर साफ करा, शक्य असल्यास त्याला नळी जोडून ती इंजिनच्या खोलीत उंच न्या. खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, तेल तपासा.

(दृश्य: पंपाने तेल भरताना. भोकाच्या कडेवरून ओघळणारी धार.)

बहुतेक जुन्या गाड्यांत भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले की पातळी झाली. ओघळ थांबू द्या, मग प्लग लावा. तांब्याचा वॉशर असेल तर नवा घाला. निमुळत्या आट्यांच्या प्लगवर अंगाचा जोर लावू नका, ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगला तडा जातो. ट्रान्सफर केसमधले तेल वाढलेले आणि गिअरबॉक्समधले उतरलेले दिसले, तर दोघांमधला सील गेला आहे.

(दृश्य: गाडी चालू. हात गिअर लिव्हरवर.)

गार गाडीत दुसरा गिअर जड पडेल. तेल तापू द्या. तापल्यावरही कुरकुरत असेल तर रिंग झिजली आहे, आणि झिजलेली रिंग कुठलेही तेल परत आणत नाही. एक फेरी मारून आल्यावर प्लगखाली ओल आहे का ते पाहा, पातळी पुन्हा तपासा. काढलेले तेल बंद कॅनमध्ये भरून वापरलेले तेल घेणाऱ्या केंद्रावर द्या, गटारात किंवा मातीत ओतू नका.