उसनं अवसान

नमस्कार श्रोतेहो. चारचौघांत पहिल्यांदाच एखादं काम अंगावर आलं की पोटात गोळा येतो. येऊ द्या. चेहऱ्यावर दिसला नाही म्हणजे झालं. काम येतंय, फक्त लोकांसमोर कधी केलेलं नाही, एवढीच अडचण असेल तर उसनं अवसान खुशाल आणावं. पुन्हा सांगते, काम येत असेल तरच.

आमच्या सोसायटीतल्या एक काकू बँकेतून निवृत्त झाल्यावर पौरोहित्य शिकल्या. पुण्यात शंकर सेवा समिती, ज्ञान प्रबोधिनी यांनी बायकांना हे शिकवायला घेतलं, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. तर गणेश चतुर्थीचा दिवस. तळमजल्यावरच्या घरी सगळे गुरुजींची वाट बघतायत. गुरुजी फोनवर म्हणतायत, "शेजारच्याच गल्लीत आहे, निघालोच." साडेबारा वाजले. उकडीचे मोदक गार झाले. हाताने कळ्या पाडलेले हं! साच्यातल्या मोदकाला मी मोदक म्हणतच नाही. मोबाईलवर पूजा लावून बघितली, तर आचमनाच्या मध्येच कुकरची जाहिरात. शेवटी काकूंना हाक गेली.

काकूंची ही पहिलीच पूजा. हातातली पोथी थरथरत होती. पण त्यांनी दारातूनच कामं वाटायला सुरुवात केली. "समईत तेल घाला. २१ दूर्वांची जुडी करा. पंचामृताला मध काढलाय का?" सगळ्यांची पळापळ. काकूंच्या हाताकडे बघायला उरलं कोण? तेवढ्यात त्या पाटावर बसल्या, पोथी मांडीवर ठेवली, दोन घोट पाणी प्यायल्या. मग हळू आवाजात, अगदी सावकाश, सुरुवात. ऐकताय ना? हळू आणि सावकाश. घाबरलेला माणूस भरभर बोलतो आणि तिथेच पकडला जातो.

संकल्पात गाडी अडली. काकू शांतपणे यजमानांना म्हणाल्या, "गोत्र पुन्हा एकदा सांगा. स्पष्ट." ते सांगेपर्यंत इकडे ओळ सापडली! प्राणप्रतिष्ठेत दूर्वेच्या टोकाने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावतात ना, तोवर हात एकदम स्थिर.

"बाईने सांगितलेली पूजा चालते का?" असं मघाशी विचारणारे त्या घरचे आजोबा आरतीनंतर पुढे आले. "रविवारी आमच्या धाकट्याकडे सत्यनारायण आहे. याल?"

काकू म्हणाल्या, "डायरी बघून सांगते."

डायरी कोरी होती. मोदक खाता खाता त्यांनीच मला सांगितलं.