तोलेदोच्या भिंती

ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या खडकाळ टेकडीवर स्पेनमधले तोलेदो शहर वसलेले आहे. चढावरच्या एका अरुंद गल्लीत एक छोटी इमारत लागते. तिच्या दर्शनी भिंतीवर, छपराच्या जरा खाली, विटाच पुढे काढून रचलेली अरबी अक्षरे दिसतात. हिजरी ३९०, म्हणजे इसवी सन १००० च्या सुमाराचा हा लेख आहे. ही मूळची मशीद जेमतेम आठ मीटर लांब-रुंद आहे. आत चार खांब, वर नऊ घुमट्या, आणि प्रत्येक घुमटीतली कमानींची गुंफण निराळी. खांबांचे माथे मात्र त्याहून जुन्या, व्हिसिगॉथ राजवटीच्या इमारतींतून काढून आणलेले आहेत. १०८५ मध्ये कॅस्टिलचा ख्रिस्ती राजा सहावा अल्फोन्सो याने मुस्लिम राज्यकर्त्यांकडून शहर घेतले आणि पुढच्या शतकात या मशिदीचे चर्च करताना मागे अर्धगोल भाग जोडला गेला. तोही विटांचा, तशाच कमानींचा. राज्य बदलले तरी गवंडीकामाची रीत तीच राहिली.

त्याच शतकात तोलेदोत अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरत होते. क्रेमोनाच्या जेरार्डने टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट' या खगोलशास्त्रावरच्या ग्रंथाचे भाषांतर ११७५ मध्ये येथेच पूर्ण केले. जाता जाता सांगायचे तर, आपली 'जीवा' अरबीत 'जीब' झाली होती. तो शब्द 'जैब', म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचून बाराव्या शतकातल्या भाषांतरकारांनी लॅटिनमध्ये 'सायनस' लिहिले. त्रिकोणमितीतले 'साइन' ते हेच.

ज्यू वस्तीतले एल त्रान्सितो हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, कॅस्टिलचा राजा पेद्रो याचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने चौदाव्या शतकाच्या मध्यावर बांधवले. गिलाव्यातल्या वेलबुट्टीभोवती हिब्रू स्तोत्रांच्या ओळी फिरतात, त्याच नक्षीत अरबी अक्षरे गुंतलेली आहेत, आणि मध्येच कॅस्टिलचा किल्ला व लेओनचा सिंह ही राजचिन्हेही दिसतात. या राजनिष्ठेचा उपयोग झाला नाही; राजाची मर्जी फिरली आणि सामुएलचा कैदेत छळ होऊन अंत झाला.

या सहजीवनाचे गोडवे गाताना १३९१ ची ज्यूंची कत्तल सहसा गाळली जाते. १४९२ मध्ये तर धर्म बदला किंवा देश सोडा, असा हुकूमच निघाला. जवळच्या दुसऱ्या सिनेगॉगचे चर्च त्याआधीच झाले होते. पांढऱ्याशुभ्र खांबांवरच्या नालाकृती कमानींची ही वास्तू आजही सांता मारिया ला ब्लांका, म्हणजे शुभ्र संत मेरी, याच नावाने ओळखली जाते. बाहेरच्या फरसबंदीत मधूनमधून तळहाताहूनही लहान निळ्या-पांढऱ्या फरश्या बसवलेल्या आहेत. त्यांवर सात फाट्यांची दीपदानी किंवा एखादे हिब्रू अक्षर असते, आणि ज्यू वस्ती कुठवर होती, ते त्यांवरून कळते.